बाबांचा पंप आणि राहिलेला पेपर

प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्याच्या कोळसा पट्ट्यातली ही चोवीस वर्षांची वाचक. तिच्या विनंतीवरून नाव, गाव आणि विद्यापीठ गाळलं आहे. वडील ओपनकास्ट खाणीत पंप खलाशी, निवृत्तीला चार वर्षं उरलेली. नागपूरहून सिव्हिल इंजिनिअरिंग करून, राहतं घर तारण ठेवून तिने बावीस लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर करून घेतलं आणि पर्यावरण विज्ञानाच्या मास्टर्ससाठी पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागात गेली. आतापर्यंत त्यातले चौदा लाख उचलले आहेत. कर्जाचं व्याज घरच्यांवर पडू नये म्हणून ती आठवड्यातून तीन रात्री पार्सलच्या गोदामात काम करते आणि महिन्याला दोनशे युरो घरी पाठवते. पहिल्या सत्रात ग्राउंडवॉटर मॉडेलिंगचा, म्हणजे भूजलाचं गणिती प्रारूप मांडण्याचा, पेपर राहिला, बाकीच्या विषयांतही गुण जेमतेम. घरी सांगितलेलं नाही. आधीच्या बॅचचे दोघं पदवी घेऊन वर्ष झालं तरी ‘पर्यावरणातली’ नोकरी शोधत आहेत. मैत्रिणी म्हणतात, वेळ आहे तोवर डेटा सायन्सला जा. ती विचारते, ‘मी चुकीचा विषय निवडला का? इथे यशस्वी होणारी मुलं वेगळीच असतात का? बाबा खाणीतलं पाणी उपसतात, त्यांना माझ्या विषयातलं काही कळत नाही, त्यांच्याशी काय बोलू?’

उत्तर

तू पत्रात मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला ‘तू’च म्हणते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कर्ज, राहिलेला पेपर आणि रात्रपाळी एवढंच डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्यांदा मात्र बाबांबद्दलच्या त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले, कारण तुझा राहिलेला पेपर नेमका ग्राउंडवॉटर मॉडेलिंगचा आहे. त्यावर मी शेवटी येणार आहे. आधी जे ऐन पेटलेलं आहे, त्याकडे बघू.

पेपर राहिला. आपल्याकडे पुण्या-मुंबईत याला केटी म्हणतात, तुमच्याकडे बॅक लागला म्हणतात, आणि इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात हा शब्द कानावर न आलेला मुलगा सापडायचा नाही. जर्मनीत गेल्यावर तोच प्रसंग एकदम कलंक वाटायला लागतो, कारण तिथे त्याबद्दल हसून बोलणारं कुणी आजूबाजूला नसतं. तिथली गुणपद्धत उलटी आहे हे तू आता जाणतेस : १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. तुझे ‘जेमतेम’ ३.३ आणि ३.० हे पास आहेत. बहुतेक अभ्यासक्रमांत एका परीक्षेचे तीन प्रयत्न मिळतात. तुझ्या अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली काय म्हणते ते मात्र स्वतः वाच, मैत्रिणीकडून ऐकू नकोस, कारण तिसऱ्या प्रयत्नातही राहिलं तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागू शकतो. म्हणजे भिण्यासारखं काही नाही, पण गाफील राहण्यासारखंही नाही.

आणि एक गोष्ट तू केलेली दिसत नाहीस. तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा तुला हक्क आहे. ‘आइनझिष्ट’ म्हणतात त्याला, तारीख जाहीर होते. आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत, कारण आपल्याकडे पेपर बघायला मागणं म्हणजे मास्तरांवर संशय घेणं. तिथे तसं कुणी मानत नाही. तारीख उलटली असेल तर प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जा आणि एवढंच विचार : माझी चूक गणितात होती, संकल्पनेत होती, की प्रश्न समजण्यात? या तीन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. तू सिव्हिलची आहेस, त्यामुळे पाण्याचं गणित तुला येत नसेल असं मला वाटत नाही. माझा अंदाज विचारशील तर तू झोपेच्या अभावी नापास झालीस. पण हा अंदाज आहे, उत्तरपत्रिका बघून खात्री कर.

आता रात्रपाळी. तू ती ज्या कारणासाठी करतेस ते कारण मनाला लागणारं आहे, पण हिशेब चुकलेला आहे. आपण तो मांडू. युरोला साधारण शंभर रुपये धर. उचललेल्या चौदा लाखांवर साडेदहा टक्क्यांनी व्याज धरलं तर महिन्याला बारा हजारांच्या आसपास येतं, सहा महिन्यांचं पाऊण लाख. जर्मनीत विद्यार्थ्याला महिन्याला ९९२ युरो लागतात असं तिथलं सरकारच धरतं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायला लावतात ते त्यामुळेच. एक सत्र वाढलं तर सहा महिन्यांचे जवळजवळ सहा हजार युरो, म्हणजे सहा लाख रुपये. पाऊण लाखाचं व्याज वाचवायला निघून तू सहा लाखांचं सत्र पणाला लावते आहेस. घरी पाठवलेले दोनशे युरो आईबाबांना दिसतात, वाढलेलं सत्र कुणाला दिसत नाही, म्हणून हा घाटा लक्षात येत नाही.

शिवाय सार्वजनिक बँकांच्या शैक्षणिक कर्जात हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. तोवर व्याज साठतं, पण ते दरमहा भरण्याची सक्ती बहुधा नसते. तुझ्या मंजुरीपत्रात काय लिहिलंय ते बाबांना फोटो काढून पाठवायला सांग आणि प्रत्येक ओळ वाच. खासगी वित्तसंस्थेचं कर्ज असेल तर अटी वेगळ्या असतात.

नियमाचंही बघ. मार्च २०२४ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आठवड्याला तीन पूर्ण पाळ्या वर्षभर केल्यास तर आकडा दीडशेच्या वर जातो. आठवड्याचा हिशेब वेगळ्या पद्धतीनेही धरता येतो, म्हणून घाबरू नकोस, पण विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन आपला हिशेब तपासून घे. निवास परवान्याच्या बाबतीत ‘सगळेच करतात’ हे उत्तर चालत नाही.

विद्यापीठातच विद्यार्थी साहाय्यकाचं काम मिळालं, ज्याला तुम्ही मुलं ‘हिवी’ म्हणता, तर ते या दिवसांत मोजत नाहीत. २०२५ मध्ये जर्मनीतलं किमान वेतन ताशी १२.८२ युरो होतं. त्या दराने आठवड्याला दहा तास धरले तर महिन्याला साडेपाचशेच्या घरात. गोदामात याच्या दुप्पट मिळतात हे मला मान्य आहे. पण गोदाम तुला फक्त पैसे देतं. प्रयोगशाळेत नमुने गाळायला, विहिरींच्या पातळ्या नोंदवायला किंवा जुने नकाशे संगणकावर उतरवायला बसलीस तर पैशांबरोबर माणसं भेटतात. प्राध्यापक तुला नावाने ओळखायला लागतो, आणि प्रबंधाचा विषय, शिफारसपत्र, पहिल्या नोकरीची खबर हे सगळं त्याच दाराने येतं. ही कामं फलकावर क्वचितच लागतात, विचारणाऱ्याला मिळतात. पाच ओळींची ईमेल लिही. ‘आदरणीय महोदय, मला आपल्या थोर मार्गदर्शनाखाली’ वगैरे नको. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, मला ऑटोकॅड आणि सर्वेक्षण येतं, क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) शिकते आहे, आठवड्याला दहा तास देऊ शकते, आपल्याकडे काही काम आहे का? उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी त्यांच्या दारावर टकटक कर.

गोदाम एका झटक्यात सोड असं मी म्हणणार नाही. तीन रात्रींची एक कर, तीही शुक्रवारची. परीक्षेआधीचे सहा आठवडे एकही नको. आणि घरी पैसे पाठवणं थांबव.

ते थांबवायचं तर घरी सांगावं लागेल, आणि तुझी खरी अडचण तिथे आहे. तू लिहितेस, ‘त्यांना त्रास नको म्हणून सांगितलं नाही.’ मला हे पूर्ण पटत नाही. त्यांना त्रास नको हे खरं आहेच, पण त्यांच्या डोळ्यांतली तुझी प्रतिमा उतरू नये हेही त्यात आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मात्र ते स्वतःशी कबूल कर. ज्या माणसाने तीस वर्षं खाणीत काढली, त्याला एखादी पाळी वाईट जाते म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्याला लागेल ते तू लपवलंस याचं, आणि जितका उशीर करशील तितकं जास्त लागेल. सगळं एका फोनवर ओतू नकोस. ‘बाबा, एक पेपर राहिला, ऑक्टोबरमध्ये परत आहे. रात्रीचं काम कमी करते म्हणजे अभ्यास होईल. त्यामुळे पैसे पाठवणं थांबवते, हप्ता अजून सुरू झालेला नाही.’ बस. आईला वेगळा फोन कर, ती झोपेबद्दल विचारेल. तिला खरं सांग.

या महिन्यांत कधी श्वास कोंडल्यासारखं झालं, सकाळी उठवेना, तर विद्यार्थी कल्याण संस्थेची मानसिक समुपदेशन सेवा मोफत असते आणि तिथली गोष्ट विद्यापीठाच्या कानावर जात नाही. तुझ्या पत्रात एक वाक्य असं आहे की मी हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ शकत नव्हते. भेटीची वेळ याच आठवड्यात घे.

आता विषय बदलण्याचं. डेटा सायन्समध्ये जागा जास्त आहेत हे मी नाकारत नाही. पण तुझ्या पत्रात डेटा सायन्सबद्दल एकही वाक्य आवडीचं नाही, सगळी भीतीची आहेत. विषय बदलायचा म्हणजे नवा प्रवेश, वाया गेलेली सत्रं, निवास परवान्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला आधी विचारणं, पुन्हा पैशाची तजवीज. आणि हे सगळं करून तू ज्या रांगेत उभी राहशील, तिथे तुझ्यापुढे गणित आणि संगणकशास्त्र चार-चार वर्षं शिकलेली मुलं असतील. त्या रांगेत तू कोण? एक उशिरा आलेली सिव्हिल इंजिनिअर. तुझ्या आत्ताच्या विषयात तीच सिव्हिल इंजिनिअर दुर्मिळ आहे, कारण पर्यावरण विज्ञानाच्या वर्गात जीवशास्त्र आणि व्यवस्थापनाकडून आलेली मुलं बरीच असतात आणि बांधाचा उतार किंवा पंपाची क्षमता काढायला ती अडखळतात. डेटाचं कौशल्य मात्र जरूर घे. ‘आर’ किंवा पायथन, क्यूजीआयएस, आणि मॉडफ्लो. मॉडफ्लो हे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं भूजलाचं प्रारूप, १९८० च्या दशकापासून जगभर वापरात आहे आणि फुकट मिळतं. तुझा राहिलेला विषय तोच आहे. तो नीट शिकलीस तर तुझ्या मैत्रिणी म्हणतात ते ‘डेटा’ आणि तुझं ‘पर्यावरण’ एकाच टेबलावर येतं.

आता त्या नोकरी न मिळालेल्या दोघांबद्दल. मी त्यांना ओळखत नाही, पण दोन प्रश्न त्यांना विचार. जर्मन किती येतं? आणि नोकरी शोधताना कुठला शब्द टाकता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘एन्व्हायर्नमेंटल सायंटिस्ट’ असेल. त्या नावाची जागा जर्मनीत फारशी निघत नाही. ज्या निघतात त्या ग्रुंडवासर म्हणजे भूजल, आल्टलास्टेन म्हणजे जुन्या कारखान्यांनी आणि कचराभूमींनी मुरवून ठेवलेलं प्रदूषण, वासरविर्टशाफ्ट म्हणजे जलव्यवस्थापन, आबफाल म्हणजे कचरा, अशा नावांनी. देणारे कोण? वीस-तीस-पन्नास माणसांची अभियांत्रिकी कार्यालयं, नगरपालिकांची पाणी आणि मलनिस्सारण मंडळं, राज्यांची पर्यावरण खाती. मोठ्या नावांच्या मागे धावणाऱ्या आपल्या मुलांना ही छोटी कार्यालयं दिसतच नाहीत. आणि काम आहे. युरोपच्या २००० सालच्या जल चौकट निर्देशानुसार नद्या, तळी, भूजल २०२७ पर्यंत चांगल्या स्थितीत आणायचं आहे आणि अजून पुष्कळ बाकी आहे. शहरी सांडपाण्याचा सुधारित निर्देश जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. त्यात दीड लाख लोकसंख्येइतका भार पेलणाऱ्या मोठ्या प्रक्रिया केंद्रांना औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचे सूक्ष्म अंश काढणारी चौथी पायरी २०४५ पर्यंत टप्प्याटप्प्याने बसवायची आहे. हे कुणी तरी आखणार, मोजणार, अहवाल लिहिणार.

तो अहवाल जर्मनमध्ये लिहिला जातो. इथे मला तुझ्याशी जरा कडक बोलायचं आहे. ‘कोर्स इंग्रजीत आहे, त्यामुळे जर्मनला वेळ देता आला नाही’ असं तू एका ओळीत उरकलं आहेस. अगं, संगणकाच्या कंपनीत इंग्रजीवर निभतं, कारण तिथली यंत्रं आणि माणसं दोन्ही इंग्रजी बोलतात. तुझ्या कामात खड्डा खणणारा ऑपरेटर, विहिरीचं झाकण उघडून देणारा शेतकरी, परवानगी देणारी तालुक्याची बाई, सगळी जर्मन बोलतात. पर्यावरणाचं काम जमिनीवरचं आहे, आणि जमिनीची भाषा असते. आपल्या भागात पाण्यावर काम करणारा माणूस मराठी न येता किती दिवस टिकेल, ते बघ. प्रबंध सुरू करेपर्यंत जर्मनची बी-वन पातळी आणि नोकरी शोधेपर्यंत तिच्या वरची बी-टू हे ध्येय ठेव. फोक्सहोखशुलेत, म्हणजे तिथल्या प्रौढ शिक्षण केंद्रात, वर्ग स्वस्त असतात, विद्यापीठातले बहुधा त्याहूनही. रात्रपाळीतून सुटलेल्या तासांतले रोजचे दोन तास इथे घाल. पदवीनंतर काम शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, त्या काळात कुठलंही काम करता येतं. पण भाषा तेव्हा सुरू केलीस तर ते अठरा महिने वर्गातच जातील. आणि पुढे कायमचं राहण्याचा विचार आलाच, तर जर्मन पदवी घेतलेल्यांना पदवीला साजेशा नोकरीत दोन वर्षं झाल्यावर स्थायी परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्यातही बी-वनची अट आहेच.

हे सदर वाचणारी, अजून विमानात न बसलेली मुलं-मुली पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी थोडं लिहिते. एजंटाने विद्यापीठाचं नाव दिलं की आधी त्या अभ्यासक्रमाचं मोड्यूल हँडबुक, म्हणजे विषयवार तपशिलाची पुस्तिका, उघडा. ‘पर्यावरण’ या एकाच पाटीखाली कुठे अभियांत्रिकी शिकवतात, कुठे रसायन, कुठे धोरण, आणि नोकऱ्या त्यानुसार बदलतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता शुल्क सुरू केलं आहे. भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, त्याला लागणारा वेळ धरून चाला. दोन वर्षं कामाचा अनुभव असेल तर डाडची, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेची, विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती बघा, ती घर तारण ठेवायला लावत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या विद्यापीठ क्रमवारीच्या अटी आधी वाचा. आणि जर्मन ए-टू इथेच करून जा, नागपुरात, पुण्यात किंवा ऑनलाइन. तिथे गेल्यावर पहिल्या सत्रात वेळ मिळत नाही, ही या पत्रातल्या मुलीची साक्ष आहे.

तर आता बाबांबद्दलच्या त्या वाक्याकडे येऊ.

तू ज्या लाउझित्समध्ये आहेस तो कोळशाचा मुलूख आहे. तिथल्या येन्शवाल्ड वीजकेंद्राची मूळ क्षमता ३००० मेगावॉट. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची आज २९२०. तू एका वीजकेंद्राच्या धुराड्यांच्या सावलीतून उठून दुसऱ्याच्या सावलीत गेलीस. तिथे कोळशासाठी शंभराहून अधिक गावं उठवली गेली, त्यातली कितीतरी सोर्बियन ही तिथल्या स्लाव्ह अल्पसंख्याकांची भाषा बोलणाऱ्यांची. नव्या होर्नो गावात, फोर्स्ट शहरापाशी, अशा नाहीशा झालेल्या गावांचं एक संग्रहालय आहे. रविवारी जाऊन ये. पुनर्वसन म्हणजे काय हे तुला कुणी शिकवायला नको, तुझ्या तालुक्यातल्या निम्म्या गावांना तो शब्द पाठ आहे.

मी एकदा श्प्रेम्बेर्ग गावातल्या पुलावरून श्प्रे नदी पाहिली होती. पाणी तांबूस, मुरुमाच्या रस्त्यावरून पावसात वाहतं तसं. पूर नव्हता, पाऊस नव्हता. खाणीसाठी भूजल खाली ओढलं की जमिनीतल्या पायराइटला, लोह आणि गंधकाच्या खनिजाला, हवा लागते. पुढे पंप बंद होऊन पाणी वर चढलं की ते लोह आणि सल्फेट घेऊन चढतं आणि नदीत उतरतं. लोहामुळे नदी तांबडी होते. सल्फेट डोळ्यांना दिसत नाही, पण ते वाहत बर्लिनपर्यंत जातं, जिथे श्प्रेच्या काठच्या विहिरींतून पिण्याचं पाणी घेतात. पिण्याच्या पाण्यात सल्फेटची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे.

आणि उलटी बाजू अशी की आज श्प्रेला उन्हाळ्यात जे पाणी असतं, त्यातला मोठा वाटा खाणीतून उपसून सोडलेल्या पाण्याचा आहे. २०२० च्या कायद्याप्रमाणे जर्मनी २०३८ पर्यंत कोळसा थांबवणार. कोळसा थांबला की पंप थांबणार, पंप थांबले की उन्हाळ्यात नदीचं पाणी घटणार. एका राजधानीच्या पाण्याचा काही भाग पंप खलाशांच्या पाळीवर अवलंबून आहे! कॉटबुसजवळच्या खाणीत २०१५ मध्ये कोळसा संपला, २०१९ मध्ये तिथे पाणी सोडायला सुरुवात केली. सुमारे एकोणीस चौरस किलोमीटरचं तळं. अशी तळी भरायला किती पाणी घ्यायचं, नदीला किती ठेवायचं, काठ ढासळतील का, पाणी आंबट होईल का, या प्रश्नांवर तिथे माणसं पूर्ण कारकीर्द काढतात.

आता इकडे ये. वर्धा खोऱ्यातल्या खाणी आज ना उद्या संपणार. काही संपल्याच आहेत. ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या मातीदगडाचे, ढिगारे उभे आहेत, खड्ड्यांत पाणी साठलंय, गावाच्या विहिरी कधी खाली गेल्या हे म्हाताऱ्यांना आठवतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर देशातल्या पहिल्या दहा अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होतं. आपल्याकडे खाण बंद करण्याचा आराखडा कायद्याने द्यावा लागतो. पण पंप बंद झाल्यावर पन्नास वर्षांनी पाणी कुठे असेल आणि कसलं असेल, हे सांगू शकणारी, त्या मातीतली, मराठी बोलणारी माणसं किती आहेत? तू विचारतेस, यशस्वी होणारी मुलं वेगळी असतात का. मी पाहिलेल्यांत एक गोष्ट सारखी होती : त्यांच्याजवळ स्वतःचा एक प्रश्न होता आणि तो कुठल्या तरी जागेला बांधलेला होता. तुझ्याजवळ तो जन्मापासून आहे. तू त्याला ‘बाबांचं काम’ म्हणतेस आणि बाजूला ठेवतेस.

म्हणून प्रबंधासाठी खाण बंद झाल्यानंतरचं भूजल हा विषय माग. लाउझित्समध्ये त्याची अनेक वर्षांची मोजमापं आहेत, जुन्या खाणींचं पुनर्वसन करणारी सरकारी कंपनी आहे, विद्यापीठात त्यावर काम करणारे गट आहेत. हे जमलं तर तुला तीन दारं उघडतात : तिथली कार्यालयं, पुढे संशोधन, किंवा परत येऊन इथल्या खाणींचं काम. परत येण्याला तू पत्रात ‘हरून येणं’ म्हटलं आहेस. अर्धवट सोडून येणं मला आज पटत नाही, कारण कर्ज राहील आणि पदवी नसेल. पण पदवी, भाषा, दोन-तीन वर्षांचा अनुभव आणि फिटलेलं कर्ज घेऊन चंद्रपूरला उतरणं, याला हरणं कोण म्हणेल? अर्थात हे आज ठरवायचं नाही. घर गहाण असलेल्या मुलीला मायभूमीची हाक ऐकवणं बरोबर नाही, ते मला कळतं. आधी कर्ज, आणि त्यासाठी आधी ऑक्टोबरचा पेपर.

तर त्या फोनवर, पेपर राहिल्याचं सांगून झालं की लगेच ठेवू नकोस. बाबांना विचार : पंप एक दिवस बंद पडला तर संपमधलं, म्हणजे खाणीच्या तळाशी पाणी साठतं त्या खड्ड्यातलं, पाणी किती चढतं? पावसाळ्यात किती आणि मे महिन्यात किती? कुठल्या बाजूने जास्त झिरपतं? पाण्याचा रंग कधी बदलतो? ते सांगतील, आणि थांबणार नाहीत. वही घेऊन बस. ते जे आकडे देतील ते मॉडेलमध्ये घालून बघ, पातळी त्यांच्या सांगण्याप्रमाणे चढते का. चढली नाही तर आधी तुझं मॉडेल तपास, बाबांचं सांगणं नंतर.